दाजींच्या टेबलातला ठोका

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. मीच बनवलंय, म्हणून माहीत. इकडं भिंतीपाशी खोक्यावर बसा. दाजी आत तुमचं टेबल तपासतायत, आणि ते तपासत असताना कुणी आत गेलं की असं बघतात, जसं काही आपण मोठ्या मुश्किलीनं झोपवलेलं तान्हं मूल उठवलं. तेव्हा अर्धा तास तरी तुम्ही माझ्या तावडीत आहात. कोरडा नाही जायचा तो. चहा घ्या आणि एक गोष्ट ऐका. दाजींच्या पहिल्या टेबलाची आहे. अगदी खरी, कारण तिच्यात गाढव मी आहे, आणि माणूस खोटं सांगताना स्वतःला गाढव करत नाही. कप मात्र अलगद ठेवा हं.

टेबल म्हणजे जेवायचं नव्हे, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. दाजी त्याला टर्नटेबल म्हणतात. माझी ताई त्याला सवत म्हणते.

दाजी म्हणजे या माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधी पंपाच्या कारखान्यात होते. तिथं काम एकच. चालू पंपावर तळहात ठेवायचा आणि सांगायचं, हा थरथरतोय, हा नाही. बावीस वर्षं पंपांची नाडी बघितली माणसानं. मग एक दिवस घरी येऊन म्हणाले, "थरथर ओळखण्यात जन्म गेला. आता न थरथरणारी एक तरी वस्तू बनवतो."

ताई म्हणाली, "आणि पगार थरथरला तर?"

मी हसलो. हसलो आणि फसलो. दाजी माझ्याकडं वळून म्हणाले, "मेव्हणे, तुमचा लेथ किती बारीक कापतो?"

मी टर्नर, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र, लेथ, ते चालवणारा. शाळा सातवीपर्यंत, पुढं सगळं शिक्षण या लेथवर. हा बघा, म्हातारा झालाय, अजून चामड्याच्या पट्ट्यावर चालतो, पण हाताशी इमानदार आहे. शेडचा पुढचा अर्धा भाग माझा, मागचा दाजींचा, मधे ही फळ्यांची भिंत. पलीकडं ताईचं स्वयंपाकघर. म्हणजे दाजी मधे, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही भाऊ-बहीण. थरथर टाळायला निघालेल्या माणसानं जागा काय निवडली बघा!

आता तुम्ही म्हणाल, रेकॉर्ड तर फिरायची, त्यात एवढं काय. मीही तेच म्हणालो होतो. मग दाजींनी मला तिथंच बसवलं, तुम्ही बसलाय तिथं, आणि समजावलं. रेकॉर्डवर एक चर असते, केसाहून बारीक. तिच्यातून सुई चालते. चरीच्या भिंती वळतील तशी सुई हलते, आणि ते हलणं मोठं करून स्पीकरमधून येतं, तेच गाणं. पण सुईला अक्कल नाही हो. तिला कुणीही हलवलं की तिला वाटतं, हे गाणंच. मोटार घुरघुरली, गाणं. बेअरिंग घासलं, गाणं. ताई टाच आपटत आली, तेही गाणं.

"तेवढंच एक गाणं मी फुकट ऐकवते," ताई आतून म्हणाली.

मग काय, सुईला जो जो हलवेल त्याला तिच्यापासून तोडायचं, एवढाच दाजींचा धंदा. पहिल्यांदा मोटार हाकलली. तिला वेगळ्या जड डब्यात घातलं, चार बोटं लांब ठेवलं, मधे फक्त रबराचा पट्टा. "भांडखोर भावाला वेगळं काढावं, पण जाणं-येणं ठेवावं," दाजी म्हणाले. हे म्हणताना माझ्याकडं का बघितलं ते मी विचारलं नाही.

मग ताट. रेकॉर्ड ज्याच्यावर फिरते त्याला आम्ही ताट म्हणतो. अकरा किलोचं ताट कापून घेतलं माझ्याकडनं. जडाला बारीकसारीक धक्का लागला तर ते ढिम्म हलत नाही, म्हणून. पण धातू म्हटला की नाद आलाच. टिचकी मारली की घंटेसारखं 'टण्ण' करायचं. मग मी त्याच्या पोटात गोल खाच कापली, तिच्यात पितळी कडं बसवलं, आणि मधे रबराचा पातळ थर. एक धातू वाजायला लागला की दुसरा त्याला गप्प करतो. नवराबायकोसारखं. मग टिचकी मारली तर नुसतं 'ठक्'. दाजी इतके खूश झाले की दिवसभर घरात टिचक्या मारत हिंडले. ताईची पातेली, खिडकीच्या काचा, शेवटी माझं डोकं.

"हे सगळ्यात उत्तम," म्हणाले, "अजिबात नाद नाही."

ताई दोन दिवस कुणाच्या लग्नाला गेली होती. परत येऊन बघते तर ओट्याचा अर्धा दगड गायब.

"दगड कुठाय?"

"टेबलाखाली," दाजी म्हणाले. "तुझ्या दगडावर आता गाणं बसलंय."

"आणि भाजी कशावर चिरू? गाण्यावर?"

दगडाखाली प्लायवूडचे थर, त्याखाली चार स्प्रिंगा. स्प्रिंगा अशा मऊ, की टेबल बोटानं ढकललं तर झोपाळ्यासारखं सावकाश डुलायचं. जमिनीतून येणारी बारीक थरथर त्या झोपाळ्यातच जिरून जाते म्हणे. घरात नियम आले. आत लाल दिवा लागला की माझा लेथ बंद, ताईचं धुण्याचं मशीन बंद, चालणं सपाट पावलांनी. ताई म्हणायची, "तेरा महिने झाले, स्वतःच्या घरात चोरासारखी चालतेय. आणि चोराला निदान काहीतरी मिळतं."

टेबल झालं. आणि पहिल्या दिवशी सुई टेकवली, तर त्यात ठोका.

मोठा नव्हे. आधी अगदी खोल 'घूंऽऽ', आणि मधूनच 'थप्'. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. पण दाजींची रेकॉर्डच तशी होती. एक माणूस एकटाच बसून मोठं तारेचं वाद्य वाजवतो. चार सूर, मग शांतता. मग त्या वाजवणाऱ्याचा श्वास, पुन्हा चार सूर. ती शांतता इतकी नितळ, की तिच्यात टाचणी पडली तर दिसेल. बाकीच्या रेकॉर्डींमधली शांतता म्हणजे बाजारातली, खरखर नि चरचर. तिच्यात हत्ती निघून जाईल, कळायचं नाही. म्हणून टेबल तपासायला ही एकच.

आणि ती काही दाजींची निवड नव्हती. ती होती कानसेनांची.

हा माणूस सांगायला हवा. गावात त्यांची एक गाणी ऐकायची खोली आहे. भिंतींना जाड पडदे, खुर्ची एकच. ज्यांना असलं महागडं टेबल घ्यायचंय ते सगळे आधी कानसेनांना विचारतात. ते 'हो' म्हणाले तर हो. त्यांच्या खोलीत तुमचं टेबल लागलं की पुढं तुम्हाला बोलावं लागत नाही. आणि गेली तीस वर्षं ते प्रत्येक टेबल याच एका रेकॉर्डवर जोखतात. दाजींनीही मग तीच विकत आणली. आपण ज्या तराजूत तोलले जाणार, तोच तराजू घरात असावा, असं त्यांचं म्हणणं.

कानसेन रविवारी येणार होते. आणि सोमवारी पंपाच्या कारखान्याला उत्तर द्यायचं होतं. दाजींच्या जागेवर त्यांनी अजून कुणाला घेतलं नव्हतं, पण आता घेणार होते. दाजींनी ताईला शब्द दिला होता, "कानसेन नाही म्हणाले तर सोमवारी मी परत पंपावर हात ठेवतो. तुझा दगड तुला परत."

ताईनं "बरं" म्हटलं. दगडाबद्दल पहिल्यांदाच काही बोलली नाही ती. तेव्हाच मला कळलं, की तिलाही तो दगड परत नकोय.

मग तीन आठवडे दाजींनी त्या ठोक्याचा पिच्छा पुरवला. घड्याळ घेऊन बसायचे आणि मोजायचे. ताटाच्या सव्वा फेऱ्याला एक ठोका. म्हणाले, पट्टा असणार, पट्ट्याचीच लांबी एवढी असते. पट्टा बदलला. आखूड घातला, लांब घातला, शेवटी शिवणाचा रेशमी दोरा लावला. ठोका जागचा हलेना. मोटार बदलली. स्प्रिंगा काढून टोकदार खिळे लावले, खिळे काढून परत स्प्रिंगा लावल्या. ताईनं बिचारीनं चपला सोडून मोजे घातले. ठोका आपला चालूच, सव्वा फेऱ्याला एक, इमानेइतबारे.

"कुठं माशी शिंकली तेच कळत नाही," दाजी म्हणायचे.

आणि इथं माझी पंचाईत. कारण माशी नव्हती शिंकली. शिंकलो होतो मी.

त्याचं असं झालं. एवढं अकरा किलोचं ताट फिरतं कशावर? एका पोलादी दांड्यावर. आणि दांडा बसतो तो बुशमध्ये, म्हणजे पितळेच्या नळीत. सगळ्या टेबलाचं इमान त्या नळीत. दांडा आणि नळी यांच्यात फट किती, तर केसाचा दहावा हिस्सा. तेलाचा पापुद्रा मावेल, बस. ती नळी मी कापली. शेवटचा हात फिरवत होतो, श्वास धरून, आणि नाकात पितळेचा कण गेला. अशी शिंक आली म्हणता! अख्खा मी हललो. चाकावरचा हात हलला की नाही, देवाला ठाऊक. मोजून बघितलं, माप बरोबर. पुन्हा मोजलं, बरोबर. पण मन खाणार ते खाणारच. तिथं पॉलिशचा कागद फिरवला, पुसली, आणि दाजींच्या हातात ठेवली. शिंकेबद्दल अवाक्षर नाही.

आणि गंमत बघा, तीन आठवडे दाजींनी सगळं उघडलं, फक्त ती नळी उघडली नाही. मी एकदा म्हणालो, "दाजी, बुश बघायचा का?" तर म्हणाले, "तो तू कापलाय. तिथं काय बघायचं?"

हे ऐकून तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, जमीन फाटावी. तेव्हापासून त्या ठोक्यात मला दुसरं काही ऐकूच येईना. 'थप्' झालं की मला माझी शिंक ऐकू यायची. जेवताना, झोपताना, सव्वा फेऱ्याला एक शिंक.

थांबा. आत दाजी कुरकुरले का? नाही? मला वाटलं. बरं, चहा संपवा.

तर बुधवारी सकाळी चहाला बसलो होतो तिघं. दाजी कारखान्याचं पत्र उलटंपालटं करत होते. मला राहवलं नाही. म्हणालो, "दाजी, ठोका माझा आहे."

"म्हणजे?"

"बुश कापताना शिंकलो मी."

दाजींनी कप खाली ठेवला. अलगद, सवयीनं. "किती?"

"किती म्हणजे?"

"किती वेळा शिंकलास?"

"एकदाच. पण मोठी होती."

ताई पदर तोंडावर धरून आत पळाली. मला वाटलं रडायला गेली. नंतर कळलं, हसायला गेली होती.

दाजींनी कारखान्याचं पत्र बाजूला सारलं. म्हणाले, "तीन आठवडे मी तुझ्या बहिणीला मोजे घालून हिंडवतोय."

"हो."

"आणि तू गप्प."

"हो."

"नवा काप," म्हणाले. "बसवतो मी. रविवारच्या आत."

दोन दिवस मी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. नाकातोंडाला फडकं बांधलं. पंखा बंद, खिडकी बंद. धातूचा कण दिसला की पुसून घ्यायचो. प्रत्येक हाताला चारदा माप. ताई दारातून म्हणाली, "लेथवर आहेस की ऑपरेशन करतोयस?" शुक्रवारी नळी दाजींच्या हातात ठेवली. त्यांनी बोटावर फिरवली, उजेडात धरली, 'हं' केलं आणि आत गेले. लाल दिवा लागला. मी इथं बसून कान लावला.

घूंऽऽ. थप्.

काय सांगू तुम्हाला! एकीकडं अंगावरचा डोंगर उतरला, की शिंक माझी निर्दोष होती. दुसरीकडं दाजींचा चेहरा. बाहेर आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "शिंकेनंही धोका दिला."

रविवारी कानसेन आले. बुटका, नीटनेटका माणूस. दारातच बूट काढले. मग घड्याळ काढून ताईच्या हातात दिलं, टिकटिक होते म्हणून. मग खिशातली नाणी काढून माझ्या हातात. बगलेत कापडी पिशवी, ती मात्र सोडली नाही. आत जाऊन टेबलाला एक चक्कर मारली, ताटाला टिचकी मारली. 'ठक्'. माझ्याकडं बघून मान डोलावली. मी उगाच केसांवरून हात फिरवला.

दाजींनी त्यांची रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली. चार सूर. शांतता. श्वास. चार सूर. कानसेनांनी डोळे मिटले होते. मी त्यांच्या पापण्यांकडं बघत होतो. आणि थप् झालं तशी डावी पापणी हलली. एवढीशीच.

पाच मिनिटांनी डोळे उघडले. म्हणाले, "सूर असे मी कधी ऐकले नव्हते. त्याची बोटं तारेवरून सरकतात तीसुद्धा दिसली मला. पण..."

"ठोका आहे," दाजी म्हणाले.

"आहे. लपवत नाही तुम्ही, हे बरं. पण ठोका असलेलं यंत्र मी माझ्या खोलीत ठेवू शकत नाही."

ताई दारात उभी होती, त्यांचं घड्याळ मुठीत धरून. दाजी नुसते टेबलाच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले, जसे पंपावर ठेवायचे तसे. मी म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं थांबता का?" आणि इथनं माझी लाकडी काठी घेऊन आलो.

आमच्या धंद्यात ही जुनी युक्ती आहे. मशीनच्या पोटात काय दुखतंय ते कळत नसेल तर काठीचं एक टोक बेअरिंगला लावायचं आणि दुसरं कानाला. पोटातलं सगळं ऐकू येतं.

"अहो, अहो!" कानसेन ओरडले. "असल्या यंत्राला काठी लावताय?"

"साहेब, तुम्ही नाही म्हणालातच की. आता काठी लागली काय नि कुऱ्हाड लागली काय."

मी पोटावर झोपलो, टेबलाखाली डोकं घातलं, आणि काठी नळीच्या खाली टेकवली. दाजींना म्हटलं, सुई टेकवा. आता या कानात काठी, तो कान स्पीकरकडं मोकळा. काठीच्या कानात काय? काही नाही. खरंच काही नाही. तेल वाहतंय एवढंच, मांजर झोपेत श्वास घेतं तसं. आणि त्याच वेळी मोकळ्या कानात, घूंऽऽ, थप्.

एका कानात शांतता, दुसऱ्या कानात ठोका. म्हणजे ठोका टेबलाच्या पोटात नव्हताच!

आणि आता, मनात शिंक नव्हती ना, तर तो ठोका मला पहिल्यांदा धड ऐकू आला. अरे, हा तर ओळखीचा! तीस वर्षं ऐकतोय मी हा! मी टेबलाखालूनच ओरडलो, "दाजी, हा पट्ट्याचा सांधा आहे!"

"कुठला सांधा?" दाजी म्हणाले. "आपला पट्टा अखंड आहे. त्याला सांधाच नाही."

"आपला नाही हो. चामड्याचा पट्टा, तारेनं शिवलेला, माझ्या लेथला आहे तसा. सांधा पुलीवरून गेला की थप् करतो. हा लेथच बोलतोय!"

"तुझा लेथ बंद आहे."

"माझा नाही!"

"मग कुणाचा? रेकॉर्डमध्ये लेथ कुठून..."

आणि दाजी तिथंच थांबले. मला टेबलाखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. ते पाय हळूहळू वाकले आणि दाजी जमिनीवर बसले. माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "मूळ रेकॉर्ड कशावर कापतात, माहितीये तुला?"

"मला काय माहीत? मी सातवी पास."

"लेथवर," दाजी म्हणाले. "कोरी तबकडी फिरवायची आणि तिच्यात चर कापायची. लेथच तो. त्याचा ठोकाही गाण्याबरोबर चरीत कापला गेला."

मग मी टेबलाखालून बाहेर आलो. डोकं आपटलं. 'ठक्'.

कानसेन मात्र उभेच होते, आणि आता रागावले होते. "म्हणजे ज्या रेकॉर्डवर मी तीस वर्षं यंत्रं पारखली, तिच्यातच ठोका आहे म्हणता? चाळीस टेबलांवर ऐकली मी ती. शांतता म्हणजे काय ते मी तिच्यावरून लोकांना शिकवलंय!" पिशवीतून त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढली, तीच, पण तीस वर्षं जपलेली. "ही लावा. तुमचीच खराब असणार."

लावली. चार सूर. शांतता. थप्. श्वास.

"हा टेबलाचाच," कानसेन म्हणाले.

दाजी म्हणाले, "साहेब, टेबलाला काय माहीत गाणं कुठं सुरू झालं? ठोका टेबलाचा असेल तर दर वेळी वेगळ्या जागी पडेल. आता मोजू नका. गाणं ऐका, आणि बघा तो कुठं पडतो."

रेकॉर्ड उचलली, अर्धा फेरा फिरवून ठेवली. पहिल्या चार सुरांनंतर, श्वासाच्या किंचित आधी, थप्. परत लावली. त्याच जागी. दाजींची लावली. त्याच जागी. पाच वेळा लावली, पाचही वेळा तो वाजवणारा श्वास घ्यायच्या आधी कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत कुठल्यातरी म्हाताऱ्या लेथचा सांधा पुलीवरून जात होता. तीन आठवडे दाजी मोजत होते, आणि मी शिंक ऐकत होतो. गाणं कुणीच ऐकत नव्हतं.

मग ताईनं विचारलं, "मग बाकीच्या चाळीस टेबलांवर यांना का नाही ऐकू आला?"

भाबडेपणानं विचारलं, का मुद्दाम, ते मी अजून ठरवू शकलो नाही. कानसेनांचे कान लाल झाले. एवढे मोठे कान, लपवणार कुठं! हळू आवाजात म्हणाले, "कारण त्या चाळीस टेबलांचा स्वतःचा गोंधळ त्याच्याहून मोठा होता." आणि खाली बसले. "तीस वर्षं मी या शांततेची तारीफ करतोय हो."

"मग मी तेरा महिने मोजे उगाच नाही घातले," ताई म्हणाली.

"तीनच आठवडे," दाजी म्हणाले.

"मला तेरा महिने वाटले."

कानसेनांनी टेबल घेतलं. त्यांच्या खोलीत अजून तेच आहे, आणि आता ते येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो ठोका ऐकवतात. म्हणतात, "हा ऐकू आला तरच टेबल खरं." जणू शोध त्यांनीच लावला. लावू द्या. सोमवारी दाजींनी कारखान्याला नकार कळवला. ताईनं ओट्यावर लाकडी फळी बसवून घेतली, माझ्याकडूनच, आणि ती डुगडुगते म्हणून मला अजून बोलते.

पण खरी गंमत पुढं. कानसेन टेबल न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "दाजी, नवा बुश मस्त जमला ना?"

दाजी हसले. "नवा? तो तर माझ्या खणात पडलाय."

"म्हणजे?"

"शुक्रवारी बसवला, तर ठोका तसाच, वर ताट दम लागल्यासारखं फिरायला लागलं. इतका घट्ट कापलास. भीतीनं केलेलं काम घट्टच होतं. काढला आणि तुझा शिंकेचाच परत घातला. त्याच्याइतका गुळगुळीत बुश मी बावीस वर्षांत बघितला नाही."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू तीन आठवडे शिंक लपवलीस," दाजी म्हणाले. "मी एक बुश आठवडाभर लपवला तर बिघडलं कुठं?"

तेव्हापासून या घरात माझ्या शब्दाला किंमत नाही. काही तुटलं, सांडलं, कुजकं निघालं आणि मी म्हणालो, "माझ्याकडून झालं," की ताई म्हणते, "गप रे. तुला कबूल करायची सवयच आहे."

आता ऐकलंत ना? ऐकलंत, आत दाजी कुरकुरले. "हा नवा ठोका कुठनं आला," म्हणतायत. स्प्रिंगा काढायला लागले असतील एव्हाना. घाबरू नका, टेबल चांगलं आहे, जमिनीतली थरथर आत जाऊ देत नाही. पण मी गोष्ट सुरू केल्यापासून तुमची उजवी टाच त्या खोक्यावर आपटतेय, आणि खोकं या फळ्यांच्या भिंतीला टेकलंय, आणि त्याच भिंतीवर पलीकडून दाजींचे स्पीकर टांगलेत.

मी आत जाऊन सांगितलं असतं, पण माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय? म्हणतील, हा न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस. तेव्हा मेहेरबानी करा. ते स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आत तुम्हीच उठा, सपाट पावलांनी आत जा, आणि सांगा त्यांना, ठोका तुमचा होता.